झाड विष कुठे ठेवते?

महाराष्ट्रातल्या जुन्या दगडी विहिरीत डोकावून पाहिले, तर सांध्यांतल्या चुन्यात मुळे रोवून वाढलेला एक नेचा बरेचदा नजरेस पडतो. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना फणीच्या दातांसारख्या लांब, अरुंद पर्णिका असतात आणि टोकाची पर्णिका सगळ्यांत लांब असते. पान उलटे केले, की कडेने तपकिरी रेघ ओढावी तशी बीजाणूंची ओळ दिसते. याचे शास्त्रीय नाव टेरिस विटाटा. चुना त्याला मानवतो, म्हणून पडक्या वाड्यांच्या भिंती आणि विहिरींचे कठडे ही त्याची आवडती वस्ती.

याच नेच्याने २००१ साली वनस्पतिशास्त्रज्ञांना चकित केले. अमेरिकेत लाकूड टिकवण्यासाठी त्याला तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण पाजले जात असे. मध्य फ्लोरिडातल्या अशाच एका जागेची माती आर्सेनिकने, म्हणजे आपल्या जुन्या शब्दात सोमलाने, खराब झालेली होती. लीना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या झाडांची तपासणी केली. हा नेचा तिथे नुसता तग धरून नव्हता. तो मातीतले आर्सेनिक ओढून पानांत भरत होता. त्यांच्या प्रयोगांत वाळलेल्या पानांच्या वजनात दोन टक्क्यांहून अधिक आर्सेनिक निघाले. किलोभर वाळल्या पानांत वीस ग्रॅमच्या वर विष, आणि नेचा हिरवागार!

हे त्याला जमते कसे, आणि भाताला किंवा गव्हाला का जमत नाही? की त्यांनाही जमते, फक्त वेगळ्या रीतीने? जड धातूंचा ताण आणि वनस्पतींची जनुके या विषयावर गेली चाळीस वर्षे जगभर जे काम झाले, ते या प्रश्नांभोवतीच फिरते. या कामातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. कीटकनाशकाचा रेणू झाडाला तोडता येतो, पण कॅडमियमचा अणू तोडता येत नाही. धातू नष्ट होत नाही, तो फक्त जागा बदलतो. त्यामुळे जनुकांच्या हाती खरा निर्णय एवढाच उरतो, की त्याला ठेवायचे कुठे: मातीतच, मुळात, खोडाच्या पेरात, पानात, की दाण्यात? झाडाला जी जागा सोयीची, ती त्याला खाणाऱ्याच्या सोयीची असतेच असे नाही. या साऱ्या संशोधनाकडे पाहताना हा फरक सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

ओळख पटण्यातली चूक

मुळात झाड विषारी धातू आत घेतेच कशाला? ते काही हौसेने घेत नाही. जस्त, लोह, तांबे, मँगनीज हे धातू झाडाला हवेच असतात आणि ते आत आणण्यासाठी मुळांच्या पेशींच्या आवरणात वाहक प्रथिने बसवलेली असतात. प्रत्येक वाहक प्रथिनामागे एक जनुक असते. ही वाहक प्रथिने आकार आणि विद्युतभार पाहून माल आत सोडतात. कॅडमियम त्यांना जस्तासारखे, मँगनीजसारखे वाटते. लोह आत आणणारे आयआरटी-१ हे वाहक १९९६ मध्ये सापडले. लोहाची टंचाई असली, की त्याचे प्रमाण वाढते आणि लोहाबरोबर कॅडमियमही आत शिरते.

आर्सेनिकला तर दोन दारे मोकळी आहेत. कोरड्या, हवेशीर जमिनीत ते आर्सेनेटच्या रूपात असते आणि हे रूप फॉस्फेटचे, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत स्फुरदाचे, जुळे भावंड शोभावे असे असते. पाणी तुंबलेल्या खाचरात त्याचे आर्सेनाइट होते आणि मग ते सिलिकॉनच्या वाटेने जाते. जपानमधल्या ओकायामा विद्यापीठात जियान फेंग मा यांच्या गटाने २००६ आणि २००७ मध्ये भातातली एलएसआय-१ आणि एलएसआय-२ ही सिलिकॉन वाहून नेणारी जनुके शोधली. पुढच्याच वर्षी उघड झाले, की भाताच्या मुळात आर्सेनाइटही याच दोन दरवाजांनी शिरते. भाताला सिलिकॉन फार लागते, त्यावर त्याच्या ताटाचा ताठपणा आणि रोगाला तोंड देण्याची ताकद अवलंबून असते. म्हणून ही दारे भातात भक्कम आणि भरपूर आहेत. भातात इतर तृणधान्यांपेक्षा आर्सेनिक जास्त का येते, याचे अर्धे उत्तर इथे आहे आणि उरलेले अर्धे तुंबलेल्या पाण्यात.

मग हे दारच बंद केले तर? निसर्गात काही झाडांनी ते करून पाहिले आहे. इंग्लंडमधल्या जुन्या खाणींच्या आर्सेनिकयुक्त जमिनीवर होल्कस लॅनाटस नावाचे गवत वाढते. मेहार्ग आणि मॅकनेअर यांनी १९९२ च्या सुमारास दाखवून दिले, की या गवताच्या सहनशील रोपांनी स्फुरद ओढण्याचा वेग कमी करून घेतला आहे, त्यामुळे आर्सेनेटही कमी शिरते. पण याची किंमत असते. स्फुरद, सिलिकॉन किंवा मँगनीज यांचे दार बंद केले, की उपासमार ठरलेली. ही अडचण पुढे भाताच्या गोष्टीतही येणार आहे.

सर्पगंधेने दिलेला सुगावा

आत आलेल्या धातूचे पुढे काय होते, याचा पहिला भक्कम धागा हाती लागला तो १९८५ मध्ये, आणि तो दिला आपल्या परिचयाच्या सर्पगंधेने. जर्मनीत ग्रिल, विनाकर आणि झेंक हे तिघे सर्पगंधेच्या पेशी काचपात्रातल्या द्रावणात वाढवत होते. त्यात कॅडमियम घातल्यावर पेशींनी छोट्या प्रथिनांसारख्या साखळ्या तयार केल्या. त्या साखळ्यांत सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल ठरावीक अंतराने येत होते. कॅडमियम गंधकाला घट्ट चिकटते. पेशीतल्या विकरांमधल्या गंधकाला ते चिकटले, तर विकरे निकामी होतात. या साखळ्या स्वतःचा गंधक पुढे करून धातूला आधीच अडकवतात. त्यांना नाव मिळाले फायटोकेलॅटिन.

त्या बनतात ग्लुटाथायोनपासून. ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा रेणू प्रत्येक पेशीत असतोच. त्याचे तुकडे एकापुढे एक जोडून फायटोकेलॅटिनची साखळी ओवली जाते. ती ओवणाऱ्या विकराचे जनुक १९९९ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी शोधले. यात अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या नात्यातल्या इवल्याशा रोपाचा मोठा वाटा होता. ज्या रोपांत हे जनुक बिघडलेले होते, ती कॅडमियमच्या जराशा मात्रेने कोमेजत. या विकराची एक लकब लक्षात ठेवण्यासारखी आहे. धातू आल्यावर ते नव्याने बनवावे लागत नाही. ते पेशीत आधीपासून तयार असते आणि धातू समोर आला, की कामाला लागते.

मग या जनुकाच्या जास्त प्रती घातल्या, तर झाड जास्त सहनशील होईल, असे वाटणे साहजिक होते. प्रयोग झाले आणि त्यांतल्या काहींत उलटेच घडले. फायटोकेलॅटिन जास्त बनवणारी अॅराबिडॉप्सिसची रोपे कॅडमियमला अधिक हळवी निघाली. साखळी ओवताना ग्लुटाथायोन खर्च होते, आणि तेच पेशीला इतर अनेक आघातांपासून वाचवत असते. शिवाय धातूला बांधून पेशीच्या मध्यात तसेच ठेवले तर उपयोग नाही. गाठोडे बांधल्यावर ते ठेवायला कोठी लागते.

मेटॅलोथायोनीन ही धातू बांधणारी आणखी एक प्रथिनांची जात. ती १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात सापडली आणि पुढे गव्हाच्या अंकुरातही दिसली. झाडांमध्ये ती मुख्यतः तांबे आणि जस्त यांचा हिशेब सांभाळते. कॅडमियम-आर्सेनिकच्या बाबतीत मुख्य भार फायटोकेलॅटिनवरच असतो.

कोठीची किल्ली

वनस्पतीच्या पेशीत मधोमध एक मोठी पाण्याची पिशवी असते. तिला रिक्तिका म्हणतात. नाव रिक्तिका असले तरी ती रिकामी नसते. साखर, आम्ले, रंगद्रव्ये आणि टाकाऊ पदार्थ तिथे साठतात. पेशीचे नाजूक कामकाज या पिशवीबाहेर चालते, त्यामुळे विष आत ढकलून दार लावले, की पेशी निर्धास्त होते. हे ढकलण्याचे काम करणारी काही कळीची जनुके २०१० मध्ये सापडली. त्या एका वर्षात तीन महत्त्वाचे दुवे जुळले.

पहिला दुवा अॅराबिडॉप्सिसमध्ये मिळाला. एबीसीसी-१ आणि एबीसीसी-२ ही दोन वाहक प्रथिने फायटोकेलॅटिनने बांधलेले आर्सेनिक रिक्तिकेत नेतात. दोन्ही बंद केली, की रोप आर्सेनिकपुढे टिकत नाही. दुसरा दुवा विहिरीतल्या त्या नेच्यात मिळाला. त्याच्याकडे एसीआर-३ नावाचे जनुक आहे. त्याचे प्रथिन रिक्तिकेच्या आवरणात बसते आणि आर्सेनाइटला कुठलीही गाठ न बांधता सरळ आत सोडते. हे जनुक यीस्टमध्ये आहे, शेवाळांत आणि सूचिपर्णी वृक्षांत आहे. पण फुले येणाऱ्या वनस्पतींनी, म्हणजे आपल्या साऱ्या पिकांनी, उत्क्रांतीच्या वाटेवर ते गमावले. नेचा आर्सेनिकवर का जगतो आणि भात का नाही, या सुरुवातीच्या प्रश्नाचे मोठे उत्तर यात आहे.

तिसरा दुवा भातात मिळाला, आणि त्यात एका नेपाळी वाणाचे नाव जोडलेले आहे.

अंजना धान, कोशिहिकारी, पोक्काली

कॅडमियमचा घाव जपानइतका खोलवर फार थोड्या देशांनी सोसला आहे. गिफू प्रांतातल्या कामिओका येथील जस्ताच्या खाणीतले सांडपाणी जिंझू नदीत जात होते आणि खाली तोयामा प्रांतात त्या नदीच्या पाण्यावर भातशेती होत होती. वर्षानुवर्षे तो भात खाणाऱ्यांची, विशेषतः प्रौढ बायकांची, हाडे ठिसूळ झाली. नुसत्या हालचालीने हाड मोडे. वेदनेने त्या 'इताई, इताई' म्हणून कण्हत, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', आणि रोगाला तेच नाव पडले. १९६८ मध्ये सरकारने हा प्रदूषणातून आलेला आजार असल्याचे मान्य केले. भातखाचरे त्या काळातही हिरवीच होती. भाताने कॅडमियम सोसले, भात खाणाऱ्यांना ते सोसवले नाही.

ओकायामाच्या गटाने जगभरातले भाताचे वाण कॅडमियमसाठी तपासले तेव्हा नेपाळचा 'अंजना धान' हा वाण कॅडमियम वर चढवण्यात फार पुढे निघाला. जपानी 'निप्पोनबारे' वाणात धातू बहुतांशी मुळातच अडून राहत होता. दोघांचा संकर करून शोध घेतला तेव्हा फरकाचे मूळ एका जनुकात सापडले, एचएमए-३. या जनुकाचे प्रथिन मुळाच्या पेशीत बसून कॅडमियम रिक्तिकेत कोंडते. अंजना धानात त्या प्रथिनातले एकच अमिनो आम्ल बदललेले होते. तेवढ्यानेच कोठीचे दार बिघडले आणि कोंडला न गेलेला धातू रसाबरोबर वर गेला. एका अक्षराच्या चुकीने पत्र भलत्या गावाला पोचावे, तसे हे झाले.

गव्हातही असेच आढळले. पास्त्यासाठी वापरतात तो ड्युरम गहू, ज्याच्या कुळातला एक गहू आपल्याकडे बन्सी म्हणून ओळखला जातो, त्याचा जनुकसंच २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले, की एचएमए-३ चे एक निकामी रूप लागवडीखालच्या ड्युरम वाणांत सर्वदूर पसरले आहे, आणि त्यांच्या रानटी पूर्वजांत ते सापडत नाही. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या दाण्याचा आकार पाहिला, उतारा पाहिला, रंग पाहिला. दाण्यातले कॅडमियम त्याला दिसण्यासारखे नव्हते. कॅनडाच्या पैदासकारांनी कार्यक्षम जनुक निवडून कमी कॅडमियमचे ड्युरम वाण शेतात उतरवले आहेत.

जपानने दुसराही रस्ता धरला. मुळात मँगनीज आत आणणारे एनआरएएमपी-५ हे वाहक कॅडमियमचेही मुख्य दार आहे, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी इशिकावा आणि सहकाऱ्यांनी 'कोशिहिकारी' या लोकप्रिय वाणाच्या बियाण्यावर कार्बनच्या आयनांचा मारा करून हजारो रोपे तपासली. त्यांत तीन रोपे अशी निघाली, की त्यांच्या दाण्यात कॅडमियम जवळपास नव्हतेच. तिन्हींत हेच जनुक बिघडलेले होते. त्यातून 'कोशिहिकारी कान-१' हा वाण आला. त्याचा 'अकिताकोमाची'शी संकर करून 'अकिताकोमाची आर' तयार केला गेला आणि अकिता प्रांताने २०२५ पासून जुन्या अकिताकोमाचीच्या जागी तो आणायचे ठरवले. चीनमध्ये हुनान प्रांताच्या कॅडमियमयुक्त तांदळावरून २०१३ मध्ये मोठा गदारोळ झाला होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१७ पर्यंत जनुक-संपादनाच्या तंत्राने इंडिका भातात हेच दार बंद करून दाखवले.

पण दार बंद करण्याची जी किंमत गवताच्या बाबतीत दिसली, ती इथेही आहे. एनआरएएमपी-५ बंद झाले, की मँगनीजही कमी मिळते. मँगनीज भरपूर असलेल्या खाचरात निभावते. जिथे ते कमी, तिथे रोप पिवळे पडू शकते.

यातून सुटका दाखवली ती केरळच्या खाऱ्या खाचरांतल्या 'पोक्काली' भाताने. २०२२ मध्ये जियान फेंग मा यांच्याच गटाने जाहीर केले, की पोक्कालीत एनआरएएमपी-५ बंद तर नाहीच, उलट त्याच्या दोन प्रती शेजारीशेजारी आहेत. दार दुप्पट उघडे, तरी दाण्यात कॅडमियम कमी! कारण मुळाच्या पेशीत मँगनीज इतके भरते, की वर जाणाऱ्या वाटेवर कॅडमियमला जागा मिळत नाही. हा दुहेरी तुकडा कोशिहिकारीत आणल्यावर दाण्यातले कॅडमियम घटले आणि उत्पन्न व प्रत दोन्ही टिकली. एक नेपाळचा वाण, एक केरळचा: पहिल्याने आजार कुठून येतो ते दाखवले, दुसऱ्याने त्यावर तोडगा. गावोगावी टिकून राहिलेल्या देशी बियाण्याची किंमत काय असते, ते यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

पेरातला पहारा

भाताचे ताट हातात घेऊन बोट वर सरकवले, की ठरावीक अंतराने गाठ लागते. ते पेर. बाहेरून ती नुसती गाठ दिसते. आतून ती झाडातली सगळ्यांत गजबजलेली जागा आहे. मुळाकडून आलेल्या वाहिन्या इथे फाटे फुटून पानाकडे आणि लोंबीकडे जातात. एका वाहिनीतला रस दुसरीत ओतला जातो, आणि काय कुठे जाणार याचा निवाडा इथे होतो. अन्नरस वाहून नेणाऱ्या नळीला लागून सहपेशी असतात. त्यांच्या रिक्तिकेत भाताचे एबीसीसी-१ आर्सेनिक कोंडते, असे २०१४ मध्ये दाखवण्यात आले. हे जनुक बंद केले, की दाण्यातले आर्सेनिक वाढते. म्हणजे दाण्याच्या वाटेवरचा शेवटचा पहारेकरी पेरात उभा आहे.

शेतात मात्र एक पेच आहे आणि तो एकट्या जनुकाने सुटत नाही. खाचरात पाणी तुंबले, की मातीतले लोहाचे गंज विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते. पाणी काढून जमीन सुकवली, तर आर्सेनिक पुन्हा बांधले जाते. पण गंधकाशी जखडलेले कॅडमियम सुटे होते. पाणी ठेवावे तर सोमल, काढावे तर कॅडमियम. म्हणून कॅडमियमचे दार बंद असलेला वाण आणि अधूनमधून पाणी काढण्याची पद्धत, अशी जोडी आता सुचवली जाते. बियाणे आणि पाणी यांचा विचार वेगवेगळा करून चालत नाही, हे या संशोधनाने शिकवलेले सर्वांत उपयोगाचे व्यावहारिक सत्य आहे.

धातू खाणारी झाडे

आतापर्यंतची गोष्ट धातू अडवण्याची झाली. काही झाडे मात्र तो जाणूनबुजून गोळा करतात. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर पिक्नँड्रा अॅक्युमिनाटा नावाचा वृक्ष आहे. त्याच्या सालीला चीर दिली, की वडाच्या चिकासारखा पांढरा चीक येत नाही. निळसर हिरवा, मोरचुदाच्या पाण्याची आठवण करून देणारा चीक ओघळतो. तो रंग निकेलचा असतो. वाळल्यावर त्या चिकाच्या वजनात सुमारे पाव भाग निकेल भरते, असे १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी ब्रुक्स यांनी अशा झाडांसाठी 'अतिसंचयी' या अर्थाची संज्ञा रूढ केली. २०१७ पर्यंत अशा ७२१ वनस्पतींची नोंद झाली होती आणि त्यांतल्या पाचशेहून अधिक निकेल साठवणाऱ्या होत्या. हा साठा किडींपासून संरक्षण म्हणून उपयोगी पडतो, असे मानायला आधार देणारे प्रयोग झाले आहेत.

यामागे एखादे अनोखे जनुक असेल, अशी अपेक्षा होती. उत्तर निघाले साधे. जर्मनीत उटे क्रेमर यांच्या गटाने २००८ मध्ये अॅराबिडॉप्सिस हॅलेरी या जस्त-कॅडमियम साठवणाऱ्या रोपाची तपासणी केली. त्याच्यातले एचएमए-४ हे जनुक साध्या अॅराबिडॉप्सिसमध्येही आहे. ते मुळातले जस्त वर चढवते. हॅलेरीत त्याच्या तीन प्रती आहेत आणि प्रत्येक प्रतीचे नियंत्रण अधिक जोरदार आहे. म्हणजे तेच प्रथिन, फक्त कितीतरी जास्त प्रमाणात. ज्या रोपांत या जनुकाचा आवाज दाबला गेला, त्यांची धातू वर चढवण्याची ताकदही गेली.

धातू सोसण्याची क्षमता उत्क्रांती किती झपाट्याने घडवते, हे ब्रिटनमध्ये टोनी ब्रॅडशॉ यांनी वेल्समधल्या जुन्या खाणींवर दाखवले. खाणीच्या राडारोड्यावरचे गवत शिसे आणि जस्त सोसणारे, आणि काही पावलांवरच्या कुरणातले तेच गवत न सोसणारे. जस्ताचा मुलामा दिलेल्या विजेच्या मनोऱ्यांखालीही काही दशकांतच जस्त सोसणारे गवत तयार झालेले आढळले. या अभ्यासातून 'मर्लिन', 'गोगिनान' आणि 'पॅरिस' ही गवते खाणींच्या पडीक जमिनी झाकण्यासाठी विक्रीला आली.

माती धुण्याचे स्वप्न

झाड धातू ओढते, तर त्याच्याकडून मातीच स्वच्छ करून का घेऊ नये? १९९० च्या दशकात या कल्पनेने जोर धरला. शिसे, कॅडमियम ओढणारे पीक म्हणून अमेरिकेत सर्वांत जास्त चर्चा झाली ती आपल्या मोहरीची. जनुक-अभियंत्यांनी पुढचे पाऊल टाकले. जॉर्जिया विद्यापीठातल्या रिचर्ड मीगर यांच्या गटाने जिवाणूंचे मेर-ए हे जनुक १९९६ मध्ये अॅराबिडॉप्सिसमध्ये आणि नंतर वृक्षातही घातले. त्या झाडांनी पाऱ्याचे विषारी क्षार साध्या पाऱ्यात बदलले, पण तो पारा पानांवाटे वाफ होऊन हवेत गेला. जमीन स्वच्छ झाली तरी पारा कुणाच्या तरी वाट्याला आलाच, ही टीका रास्त होती. त्याच प्रयोगशाळेत ओम प्रकाश धनखेर यांनी २००२ मध्ये दोन जिवाणू-जनुके जोडून अॅराबिडॉप्सिसची रोपे घडवली. एक जनुक फक्त पानात जागे होऊन आर्सेनेटचे आर्सेनाइट करते, दुसरे त्याला बांधणाऱ्या रेणूंचा पुरवठा वाढवते. कुठे काय घडावे, हे ठरवून केलेली ती पहिली नेटकी रचना होती.

शेतात प्रत्यक्ष उपयोगी ठरलेले उदाहरण मात्र साधे आहे. ज्या भातात एचएमए-३ निकामी आहे, त्याचा दाणा खाण्यासाठी वाईट, पण तो भात माती धुण्यासाठी उत्तम. जपानमध्ये 'चोकोकोकु' हा असा वाण दूषित खाचरात दोन वर्षे लावला आणि पीक उचलून नेले. मातीतले कॅडमियम ३८ टक्क्यांनी घटले आणि त्यानंतर तिथे लावलेल्या भाताच्या दाण्यात ते ४७ टक्क्यांनी कमी आले. एकच बिघडलेले जनुक ताटात घातक आणि बांधावर उपकारक ठरते, ते केवळ जागेच्या फरकाने.

या मार्गाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अतिसंचयी झाडे बहुतेक खुजी आणि संथ वाढणारी असतात, त्यामुळे फार दूषित माती धुवायला दशके लागू शकतात. कापलेले, धातूने भरलेले पीक कुठे न्यायचे, हा प्रश्न उरतोच. अल्बेनियात आणि मलेशियातल्या सबा प्रांतात निकेलची 'शेती' करून, ते पीक जाळून त्याच्या राखेतून धातू काढण्याचे प्रयोग झाले आहेत; तिथे हा उरलेला माल कचरा न राहता पीक बनतो.

आपल्या ताटाशी

भारतात हा विषय सर्वांत तातडीचा आहे तो पश्चिम बंगालमध्ये. तिथे उन्हाळी बोरो भात आर्सेनिकयुक्त भूजलावर पोसला जातो. चिन्सुरा येथील भात संशोधन केंद्र आणि लखनऊची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था यांनी मिळून दाण्यात कमी आर्सेनिक घेणारा 'मुक्तोश्री' हा वाण दिला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी थायोयुरिया या स्वस्त, गंधकयुक्त रसायनाच्या फवारणीने भातातले आर्सेनिक घटते का, हे तपासले आणि प्रयोगांत ते घटलेले दिसले. २०२५ मध्ये देशात जनुक-संपादित भाताचे पहिले दोन वाण जाहीर झाले. ते अवर्षण व क्षार सोसणे, उत्पन्न वाढणे अशा गुणांसाठी आहेत. कॅडमियम-आर्सेनिकसाठी तेच तंत्र इथल्या वाणांवर वापरण्यात तांत्रिक अडसर उरलेला नाही.

महाराष्ट्रात प्रश्नाचे रूप वेगळे आहे. मुंबईत रेल्वेच्या रुळांलगत पालक, माठ, मुळा यांचे हिरवे वाफे दिसत आले आहेत. शहरांच्या कडेने, कारखान्यांच्या नाल्यांकाठी सांडपाण्यावर भाजी पिकते. पालक कॅडमियम पानांत साठवण्यात पटाईत आहे. त्याच्या दृष्टीने पानातली रिक्तिका ही सुरक्षित कोठी आहे, पण आपण तीच कोठी खुडून, जुडी बांधून घरी आणतो. भाजी टवटवीत आहे म्हणून ती निर्धोक आहे, असे समजण्याला जनुकशास्त्रात कुठलाच आधार नाही.

संशोधनाकडूनही एक अपेक्षा ठेवायला हवी. धातूचा ताण दिल्यावर हजारो जनुकांची हालचाल बदलते, अशा याद्या दरवर्षी मोठ्या संख्येने प्रसिद्ध होतात. त्यांतल्या फार थोड्या जनुकांची शेतात, दाण्यापर्यंत, कस लावून परीक्षा होते. कुंडीतले रोप आठवडाभर हिरवे राहिले, एवढ्यावर 'सहनशील वाण' हा शब्द वापरणे घाईचे आहे.

म्हणून कृषी विद्यापीठांना आणि बियाणे मंजूर करणाऱ्या समित्यांना एक आग्रहाची विनंती. अन्नाच्या वाणाची माहिती देताना उतारा, कालावधी, रोगप्रतिकार यांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: खाण्याच्या भागात कॅडमियम, आर्सेनिक आणि शिसे किती येते. पॉलिश केलेल्या तांदळासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेल्या आहेत, कॅडमियम किलोमागे ०.४ मिलिग्रॅम आणि अजैव आर्सेनिक ०.२ मिलिग्रॅम. मोजण्याची यंत्रे आपल्या प्रयोगशाळांत आहेत आणि कोणती जनुके पाहायची तेही आता ठाऊक आहे. कोकणातल्या, मावळातल्या, गोव्याच्या खाजणांतल्या जुन्या भातांची ही तपासणी याच खरिपापासून सुरू करता येईल.